माळावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं माळरानावरच्या कामाची आहेत, आणि तिन्ही मुंबईच्या आसपासची. जंगल आणि वाघ यांबद्दल विचारणारे पुष्कळ असतात, गवताबद्दल कुणी विचारलं की मला मनापासून आनंद होतो. म्हणून या वेळी सगळी जागा या तिघांना.

ताई, मी डोंबिवलीत राहते, वय २३. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून सध्या अंबरनाथच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. गेल्या पावसाळ्यात सोलापूरकडचा माळ पाहिला आणि तो मनातून जाईना. तेव्हापासून अमेरिकेतल्या प्रेअरीवरचे, म्हणजे तिथल्या गवताळ माळांवरचे व्हिडिओ बघते. तिथे माझ्या वयाची मुलंमुली बी गोळा करतात, ठरवून आग लावतात, तण उपटतात. मला हेच काम करायचं आहे. त्यासाठी तिकडे जाऊन एम.एस. करावं का? इथे काही होण्यासारखं आहे का? घरचे म्हणतात, गवत कापायला एवढी शिकलीस का? – एक वाचक, डोंबिवली

घरच्यांचा प्रश्न आधी घेते, कारण तो चांगला आहे. त्यांना सांग, हो, गवत कापायलाही शिकावं लागतं. मारवेल, पवन्या या गवतांचं कुरण फुलोऱ्यावर असताना कापलं तर चारा सकस मिळतो, पण बी जमिनीवर पडायच्या आतच गंजीत जातं. बी झडेपर्यंत थांबलं तर पुढच्या पावसाची सोय होते, पण हाती येतात त्या वाळक्या काड्या. मग कुठला पट्टा आधी कापायचा, कुठला राखायचा, दर वर्षी तो कसा फिरवायचा, राखलेल्या पट्ट्यात कुणाची गुरं शिरली तर काय करायचं, हे सगळं गावाबरोबर बसून ठरवावं लागतं. तू ज्याला माळाचं व्यवस्थापन म्हणतेस त्याचा मोठा भाग हाच आहे.

आता अमेरिका. प्रेअरीचं काम मी मनापासून मानते. उंच गवताची प्रेअरी तिथे चार टक्क्यांहूनही कमी उरली आहे, बाकीची नांगराखाली गेली आणि तिच्या जागी मका आणि सोयाबीन उभं राहिलं. उरलेलं राखायला आणि गेलेलं पुन्हा उभं करायला त्यांनी फार चिकाटी दाखवली. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आवारात १९३०च्या दशकात शेतजमिनीवर पुन्हा प्रेअरी वाढवायला सुरुवात झाली, ती आजही जोपासली जाते. कॅन्ससमधल्या कोन्झा प्रेअरीवर तर जमिनीचे भाग पाडून कुठे दर वर्षी, कुठे दर दोन, चार किंवा वीस वर्षांनी ठरवून आग लावतात, काही भागांत बायसन चरायला सोडतात, आणि या सगळ्याच्या नोंदी चार दशकांहून जास्त काळ ठेवल्या जात आहेत. माणसं बदलली, नोंदवही चालू राहिली. तिथून काही उचलायचं असेल तर ही सवय उचल.

बाकी मात्र जपून. तिथली नवखी मुलं बहुतेक हंगामी कामावर असतात. वसंतात आग, उन्हाळ्यात तण, थंडीच्या तोंडावर बी. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांना साधारणपणे तिथलं नागरिकत्व लागतं, म्हणजे लाखो रुपयांचं कर्ज काढून केलेलं एम.एस. तुला त्या माळापर्यंत पोचवेलच असं नाही. आणि तिथे शिकलेली आग इथे लावता येत नाही. आपल्याकडे राखीव वनात आग लावणं हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. इथे माळावर काम करणारा माणूस उन्हाळ्याआधी वनविभागाबरोबर जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेले पट्टे, काढतो आणि वणवा लागला की हिरव्या फांद्या घेऊन धावतो. शिवाय तिथली राखलेली प्रेअरी बहुधा कुंपणाच्या आत असते. आपला माळ गायरान असतो, वनखात्याचा असतो, महसूलचा असतो, आणि कागदावर कुणाचाही असला तरी त्यावर कुणाच्या ना कुणाच्या मेंढ्या असतात. तिकडे जायचंच असेल तर पाच-सहा वर्षं इथे काम करून, स्वतःचा एक नेमका प्रश्न घेऊन आणि शिष्यवृत्तीवर जा.

मग आज काय करायचं? गवत ओळखायला शीक. माझा हा आग्रह ऐकून मुलं हिरमुसतात. त्यांना लांडगा, तरस, माळढोक यांच्यापासून सुरुवात हवी असते. पण माळावर नोकरी देणाऱ्या माणसाला लांडगा आवडणारी मुलं रोज भेटतात, फुलोरा नसलेलं गवत हातात घेऊन नाव सांगणारी क्वचित. तुझं वनस्पतिशास्त्र झालं आहे, तेव्हा तू या शर्यतीत आधीच पुढे आहेस.

दहा-पंधरा गवतांनी सुरुवात पुरे. मारवेलच्या कांडीच्या प्रत्येक जोडाभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं, ते बोटाने चाचपून बघ. कुसळीची लांब काळपट कुसळं टोकाशी एकमेकांत गुंतून त्यांची वेणी होते, आणि ओल लागली की ती पीळ सोडतात, वाळली की पुन्हा घेतात. त्या फिरण्यानेच बी जमिनीत घुसतं. तुझ्या मोज्यातही घुसेल. हीच कुसळी कोवळी असताना गुरं आवडीने खातात आणि कुसळं धरली की मेंढरांच्या तोंडाला आणि लोकरीला ती नको होते. पुढे गेलीस की माळ वाचता येऊ लागेल. जिथे मारवेल आणि पवन्या दाट, तिथे चराई बेताची आहे. कुसळीच कुसळी दिसली तर ताण वाढला आहे. आणि एका बीला तीन कुसळं असलेलं ते बारीक, खरबरीत गवत सगळीकडे पसरलं असेल तर माळ थकला आहे, माती उघडी पडली आहे. एवढं जी मुलगी एक फेरी मारून सांगू शकते तिला मी उद्या कामावर घेईन.

हे शिकायला डोंबिवली वाईट नाही. सीएसएमटीला उतरून चालत सेंट झेवियर्स कॉलेज गाठता येतं, तिथे ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. आधी लिहून परवानगी घे आणि शनिवारी जमेल तेव्हा जाऊन वाळवलेले नमुने बघत बस. ज्यांच्या नावाने हे हर्बेरियम आहे त्या फादर ब्लॅटर यांनी मॅकॅन यांच्याबरोबर मुंबई इलाख्यातल्या गवतांवर लिहिलेला ग्रंथ १९३५ साली आला, आणि गवतं ओळखताना आजही त्याच्याकडे वळावं लागतं. तिथून जवळच, लायन गेटसमोर, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं हॉर्नबिल हाउस आहे. १८८३ सालची संस्था. त्यांच्या वनस्पती ओळखीच्या वर्गांवर आणि प्रकल्पांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. पावसाळ्यात बदलापूर-मुरबाडकडच्या उतारांवर भिंग आणि वही घेऊन फिर. तिथली गवतं जास्त पावसाची, सोलापूरची कमी पावसाची, तेव्हा यादी वेगळी निघेल, पण डोळा तयार होईल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मात्र फक्त बघायचं. तिथून काडीही तोडायची नाही.

दुसरं काम, एक माळ निवड आणि बारा महिने त्याच्याकडे जात राहा. कंपनीची नोकरी अजून सोडू नकोस. रात्री कल्याणहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडलीस की सकाळी सोलापूर, आणि नान्नजचं माळढोक अभयारण्य तिथून तासाभराच्या आत. पुण्याकडचं बरं पडत असेल तर सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य बघ, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी राखलेलं. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती मागताना वनरक्षकाशी ओळख करून घे. अभयारण्याबाहेरचं एखादं गायरान घेतलंस तर उत्तमच. जूनमध्ये पहिल्या सरीनंतर काय आधी उगवतं, सप्टेंबरात कोण फुलतं, थंडीत भोवत्या पक्षी आला की रात्री गवतात कुठे उतरतो, मार्चमध्ये किती जमीन उघडी राहते, हे तारखांसकट लिहून ठेव. एक मीटर बाय एक मीटरची चौकट घे, जागा ठरवून घे आणि दर वेळी त्याच जागी फोटो काढ. वर्षाच्या शेवटी ही वही घेऊन तू कुठल्याही संस्थेच्या दारात उभी राहू शकतेस.

आणि मेंढपाळांशी बोल. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसकट फिरणारे तांडे, घाटाखाली कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या आधी परततात. कुठल्या माळावर कुठलं गवत कधी संपलं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांना प्रश्नावली भरून मागू नकोस. त्यांच्याबरोबर चाल, मेंढ्या कुठे थांबतात आणि कुठे तोंड फिरवतात ते बघ.

लोकांना बाजूला ठेवून माळ राखायला गेलं की काय होतं ते नान्नजलाच दिसलं. १९७९ साली माळढोकासाठी जाहीर झालेलं अभयारण्य सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, त्यात शेतं होती, गावं होती. जमिनीचे व्यवहार अडायला लागले आणि माळढोकाचं नाव काढलं तरी लोक संतापू लागले. पुढे ते कमी करून बाराशेच्या आसपास चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर पक्षी जवळजवळ गेला होता. याला इतरही कारणं आहेत, उसाखाली गेलेली जमीन, विजेच्या तारा. तरीही मला वाटतं, या प्रकरणातून जेवढं शिकता येतं तेवढं एखाद्या अभ्यासक्रमातून येणार नाही.

पदवीचं थोडक्यात. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस (एनसीबीएस) इथे वन्यजीव विज्ञानाचं एम.एस्सी. आहे, जागा अगदी मोजक्या. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचं एम.एस्सी. करता येतं आणि तिथून माळ जवळ. नेट ही पात्रता परीक्षा देऊन ठेव, कारण तिच्यातून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि ती नसताना छोट्या संस्थेत सुरुवातीला मिळणाऱ्या पैशांत मुंबईत भाड्याची खोलीही परवडत नाही. हे घरी आधीच सांग, पहिल्या पगाराच्या दिवशी कळायला नको. सरकारी वाट हवी असेल तर एमपीएससीची वनसेवा आहे. आणि वनरक्षकाच्या भरतीला कमी लेखू नकोस. माळावर रोज हजर असणारा सरकारी माणूस तोच असतो.

ताई, मी चेंबूरचा, वय २६. एका संस्थेत वर्षाच्या करारावर नगर जिल्ह्यातल्या एका माळावर काम करतो. करार मार्चमध्ये संपतो. बीकेसीतल्या एका कंपनीकडून सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, मोठा निधी येतो आहे, पण त्यांना माळावर दहा हजार झाडं हवी आहेत. खड्डे खणून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. मला हे चुकीचं वाटतं. नोकरी सोडू का? – एक वाचक, चेंबूर

तुला चुकीचं वाटतं ते चुकीचंच आहे, आणि ते तुला या वयात वाटतं याचा मला अभिमान आहे. माळावरच्या गवताला भरपूर ऊन लागतं. दाट सावली पडली की मारवेलसारखी गवतं मागे हटतात. चंडोल, धाविक, लावा जमिनीवर घरटी करतात. त्यांना दूरवर मोकळं दिसायला हवं असतं, आणि झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की शिकारी पक्ष्यांना टेहळणीच्या जागा मिळतात. दहा हजार खड्डे आणि त्यांच्या जोडीला सलग समतल चर खणले की शेकडो वर्षं बांधला गेलेला मातीचा वरचा थर उलटतो आणि तिथे तण आधी शिरतं. गिरिपुष्पाच्या लागवडीखाली गेलेले माळ तू पाहिले असशील. माळावर झाडं नसतातच असं नाही. हिवर, बोर, बाभूळ विखुरलेली असतात आणि ती तशीच असायला हवीत.

तरी लगेच सोडू नकोस. सोडलंस तर खड्डे दुसरा कुणीतरी खणेल. आधी तुझ्या प्रमुखांना दोन पानांचा पर्यायी प्रस्ताव लिहून दे. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणाचं संतुलन आणि नैसर्गिक संसाधनांचं जतन असं म्हटलं आहे, झाडंच लावा असं तिथे कुठेही नाही. म्हणजे तोच निधी माळावर माळासाठी खर्च करता येतो. वेडी बाभूळ मुळासकट काढणं, उघड्या पडलेल्या जागी स्थानिक गवताचं बी टाकणं, दोन पावसाळे राखण, गावातल्या बायकांकडून बी गोळा करून विकत घेणं. झाडं हवीतच असतील तर गावाच्या पाणवठ्यावर, शाळेत, ओढ्याच्या काठी लावू या, असं म्हण. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ प्रदेशांचं आणि पशुपालकांचं वर्ष ठरवलं आहे, तेही लिही. कंपन्यांना अशा गोष्टी अहवालात घालायला आवडतात.

बीकेसीत बसलेल्या माणसाची अडचणही समजून घे. त्याला वरच्यांना दाखवायला एक आकडा लागतो आणि झाड मोजायला सोपं असतं. तू त्याला गवताचा आकडा दे. एक चौरस मीटरच्या चौकटीतलं गवत कापून, वाळवून वजन कर. ते १०० ग्रॅम भरलं तर हेक्टरी एक टन चारा झाला. राखलेल्या आणि न राखलेल्या तुकड्यांत अशा वीस-तीस चौकटी टाक, दोन्हीतला फरक टनांत मांड, आणि तेवढा चारा विकत घ्यायचा तर गावाला काय भाव पडला असता तेही लिही. गवताळ माळावरच्या कार्बनचा साठा मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो, वणव्यात वरचं जळालं तरी तो बराचसा टिकतो, हे कार्बनबद्दल विचारणाऱ्याला सांग. जमलं तर त्याला ऑक्टोबरमध्ये माळावर घेऊन ये. मुंबईत वाढलेल्या माणसाने कंबरभर पिकलेलं गवत बहुधा पाहिलेलंच नसतं, आणि तू मुंबईचा असल्यामुळे त्याच्याशी तुला बोलता येईल. गावातल्या सहकाऱ्याला त्या काचेच्या इमारतीत कुणी नीट ऐकूनही घेत नाही.

प्रस्ताव फेटाळला गेला, तर तुझी हरकत ईमेलने नोंदव आणि मार्चपर्यंत काम करताना पुढची तयारी कर. अहवालावर तुझं नाव आहे ना ते बघ. तू जमवलेल्या नोंदी पुढे वापरायची परवानगी लेखी घे. नमुने कुठल्या हर्बेरियममध्ये दिले असतील तर त्यांचे क्रमांक उतरवून ठेव. शिफारसपत्र करार संपायच्या आधी माग, नंतर लोक कामात अडकतात. आणि तालुक्यातल्या ग्रामपंचायतींकडे चौकशी कर. जैवविविधता कायदा २००२खाली प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते, आणि त्यात गायरानाची पानं बहुतेक ठिकाणी कोरी किंवा वरवर भरलेली असतात. ती नीट भरून देणाऱ्या माणसाला गाव विसरत नाही. गायरानाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायचा विषय ग्रामसभेत निघाला, तर हीच पानं कामी येतात.

मॅडम, माझी मुलगी २४ वर्षांची आहे. सोलापूर जिल्ह्यात गवताळ प्रदेशाच्या प्रकल्पावर तिची निवड झाली आहे. गावात खोली घेऊन राहायचं, पहाटे माळावर जायचं. तिला अडवायचं नाही, पण जीव राहत नाही. काय काय विचारून घेऊ? – एक आई, मुलुंड

तुम्ही अडवत नाही, यातच तिचं निम्मं बळ आहे. विचारायच्या गोष्टी नेमक्या आहेत आणि त्या विचारण्यात कमीपणा नाही, चांगल्या संस्थेकडे उत्तरं तयार असतात.

माळावर ती एकटी जाणार की दोघं? पहाटे आणि संध्याकाळी दोघांनी जावं हा नियम असायला हवा. गाडी कुणाची, चालवणार कोण? अपघात विमा आहे का? खोलीत किंवा लगतच संडास आणि पाणी आहे का? दिवसभर उघड्या माळावर आडोसा नसतो, मासिक पाळीच्या दिवसांत काम बदलून घेता येतं का, हे तिने पहिल्याच आठवड्यात स्पष्ट बोलावं. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या संस्थेत २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या अध्यक्षांचं नाव आणि फोन मुलीकडे असू द्या.

सापांचं म्हणाल तर माळावर घोणस आणि फुरसं दोन्ही असतात. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, रात्री टॉर्च, आणि दगड उचलताना हात आधी घालायचा नाही. सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या ग्रामीण रुग्णालयात असतं आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे जाण्याआधी तिने फोन करून विचारावं. चावलाच तर कापायचं नाही, बांधायचं नाही, हलवायचं कमी आणि थेट रुग्णालय. एप्रिल-मेचं ऊन सापापेक्षा जास्त त्रास देतं, म्हणून काम सकाळी दहाच्या आत आटपायचं आणि पाणी, मीठ-साखर कायम जवळ.

सामानात जाड सुती पँट आणि गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे द्या. लोकरी नकोत, त्यात कुसळं अडकतात ती निघत नाहीत. आणि तिला बस्तान बसवायला महिनाभर द्या, मग ऑक्टोबरात स्वतः जाऊन दोन दिवस राहून या. ज्या घरात ती भाड्याने राहते त्या बाईंशी तुमची ओळख झाली, की तुमची काळजी वाटून घेणारं एक माणूस तिथे असेल.